मारिओचा चारठाण्यातला मुक्काम

इतिहास मला शाळेत कधीच जमला नाही. सनावळ्या पाठ होत नसत म्हणून कॉमर्सला गेलो, आणि कॉमर्सला गेलो म्हणून बँकेत चिकटलो. त्यामुळे मी व्हिडिओ गेमचा इतिहास लिहायला घेतलाय हे कळल्यावर घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. बायको एवढंच म्हणाली, "आधी विजेचं बिल भरा."

पण या एका विषयात माझ्याकडे असं एक साधन आहे, जे मोठमोठ्या संशोधकांकडे नसेल. ते म्हणजे एक दोनशे पानी वही. तिच्या पुठ्ठ्यावर माझ्या सातवीतल्या अक्षरात 'गेम खाते, १९९३ ते १९९५' असं लिहिलेलं आहे. अक्षर आजच्यापेक्षा चांगलं आहे. या वहीत रोजची जमा आहे, वापर आहे, शिल्लक आहे आणि एक अफरातफर आहे. त्या अफरातफरीकडे मी शेवटी येईन. बँकवाला नको त्या कागदाकडे नेहमी शेवटीच येतो.

आमचं चारठाणा परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात. जिंतूरहून मंठ्याकडे जाणाऱ्या एस.टी.तून उतरलात की गावात शिरायच्या आधीच यादवकाळ सुरू होतो. हेमाडपंती देवळं आहेत, पायऱ्यांची बारव आहे, कोरीव खांब आहेत. म्हातारी माणसं सांगत की गावात तीनशेसाठ देवळं नि तीनशेसाठ बारवा होत्या. लहानपणी आम्ही मोजायला निघालो की दोन्ही हातांच्या बोटांच्या फार पुढे जात नसू. मग एखादे आजोबा दम देत, "बाकीची जमिनीखाली हायत. तुमाला काय दिसतंय!"

हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढे आमच्या गावात एक कॅसेट आली, जिच्यावर '९९९९ गेम' असं छापलेलं होतं, आणि मोजले तर सात भरले. बाहेरगावच्या मुलांना त्याचा धक्का बसला असेल. आम्हाला नाही बसला. उरलेले जमिनीखाली असणार.

बसस्टँडजवळ आमच्या गल्लीतल्या एका काकांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात रेडिओ येत पुष्कळ, परत जात थोडे. १९९३ च्या दिवाळीनंतर काका औरंगाबादला (म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला) सुटे भाग आणायला गेले आणि भागांऐवजी एक खोकं घेऊन आले. तेव्हा अशा खोक्यांवर 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशी नावं असत. खेळ मात्र सगळ्यांच्या पोटात एकच, जपानी. मूळ यंत्र निंतेंदो कंपनीचं 'फॅमिकॉम', जपानात १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आलेलं. तैवानात नि इतरत्र त्याच्या नकला निघाल्या, आणि त्या नकलांपैकी एक, दहा वर्षांनी, एस.टी.च्या टपावरून आमच्या गावात उतरली. राजधानीतली फॅशन आमच्याकडे यायला जेवढा वेळ लागायचा, त्या मानानं हे लवकरच म्हणायचं.

ही निंतेंदो कंपनी मुळात १८८९ साली क्योटो गावात पत्ते बनवायला निघाली होती. म्हणजे आमच्या आईचं जे मत होतं, की हे सगळं पत्ते कुटण्याचंच पुढचं पाऊल आहे, त्याला इतिहासाचा पुरावा आहे. आईला तो मी अजून सांगितलेला नाही.

आता थोडं जगाकडे वळू. तिकडे हे प्रकरण आणखी आधी सुरू झालं होतं. १९५८ साली अमेरिकेत ब्रुकहेवन नावाच्या अणुसंशोधनाच्या प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानं पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून एका छोट्या पडद्यावर टेनिस करून ठेवलं. पाहुणे अणू सोडून टेनिसपुढे रांग लावून उभे राहिले. पण त्यातून कुणी पैसा केला नाही, म्हणून कॉमर्सच्या दृष्टीनं ते वर्ष धरता येत नाही. कॉमर्सचं वर्ष १९७२. नोलन बुशनेल यांच्या नव्या अटारी कंपनीत ॲलन अल्कॉर्न नावाचा तरुण इंजिनिअर लागला. त्याचा हात बसावा म्हणून त्याला एक सोपं काम दिलं: दोन फळ्या, एक चेंडू. तो झाला 'पाँग'. यंत्र कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात एका दारूच्या गुत्त्यात नेऊन ठेवलं. काही दिवसांनी मालकाचा निरोप आला की यंत्र बंद पडलंय. अल्कॉर्न उघडून बघतो तर बिघाड काहीच नाही. नाण्यांचं भांडं काठोकाठ भरून वाहत होतं, नवं नाणं जायला जागा नव्हती. नाणी पाव डॉलरची, म्हणजे त्यांचे चाराणे. माझ्या नोकरीत मी यंत्रं बंद पडण्याची अनेक कारणं ऐकली आहेत. रोकड जास्त झाली हे एकदाही ऐकलेलं नाही.

मग १९७८ साली जपानात तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. वरून पंचावन्न परग्रहवासी रांगेनं खाली सरकतात नि आपण खालून एकेकाला टिपायचं. जसजसे ते कमी होतात तसतसे उरलेले वेगानं पळतात आणि खेळणाऱ्याची छाती धडधडते. ही काही निशिकादोंची योजना नव्हती. बिचाऱ्या यंत्राला पंचावन्न जण हलवता हलवता दम लागायचा. गर्दी कमी झाली की ते आपोआप भराभर काम करायचं. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. आमच्या काउंटरवर नेमकं उलटं होतं. रांगेत पंचावन्न असले की मी भराभर सरकवतो. शेवटचे दोघं उरले की माझा चहा येतो.

या खेळापायी जपानात शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला अशीही एक कथा आहे. अभ्यासकांनी ती खोटी ठरवली आहे. असेल. पण कुठल्याही देशात कुठल्याही काळी सुट्ट्या पैशांचा तुटवडा नव्हता, यावर माझा विश्वास बसत नाही.

चारठाण्याला यंत्र येण्यापूर्वी मी व्हिडिओ गेम एकदाच पाहिला होता, पुण्याच्या मामांकडे, १९९० च्या उन्हाळ्यात. विलायतेत क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८२ साली 'स्पेक्ट्रम' नावाचा स्वस्तातला घरगुती कॉम्प्युटर काढला होता. त्याचाच परवाना घेऊन पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं १९८६ साली 'डीबी स्पेक्ट्रम' बाजारात आणला. मामांनी तो मामेभावाच्या अभ्यासासाठी घेतला होता. (भारतातला प्रत्येक कॉम्प्युटर अभ्यासासाठीच घेतलेला असतो.) स्मरणशक्ती अठ्ठेचाळीस केबी, आणि खेळ साध्या गाण्याच्या कॅसेटवर. तीच कॅसेट, तोच टेपरेकॉर्डर. फक्त आतून गाण्याऐवजी किंकाळी यायची. ती किंकाळी चार-पाच मिनिटं यंत्रानं न अडखळता ऐकली, तरच खेळ सुरू. शेवटच्या मिनिटाला काही चुकलं की पडद्यावर 'टेप लोडिंग एरर', आणि पुन्हा पहिल्यापासून. मामी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आता मिक्सर लावू का रे?" आणि आम्ही सगळे एका सुरात "नको!" म्हणून ओरडायचो. त्या सुट्टीत मामांकडे चटणी पाट्यावर वाटली जायची.

एका दुपारी आजीनं भजनाची म्हणून चुकून तीच कॅसेट लावली. दोन मिनिटं ती हात जोडून ऐकत बसली. मग म्हणाली, "फीत अडकली वाटतं गं, बुवांना लई त्रास होतोय."

म्हणूनच काकांच्या यंत्रावरच्या प्लॅस्टिकच्या चौकोनी डबीलासुद्धा आम्ही 'कॅसेट' म्हणू लागलो तेव्हा मला शंका आली. आत फीत नाही, मग कॅसेट कशी? पुढे कळलं की खुद्द जपानी लोकही तिला 'कासेत्तो' म्हणतात. चारठाणा आणि क्योटो यांचं एकमत झालेला हा माझ्या माहितीतला एकमेव मुद्दा.

काकांनी दुकानात एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही मांडला, रॉकेलच्या खोक्यावर यंत्र ठेवलं, आणि खडूनं पाटीवर लिहिलं: 'एक रुपयात १० मिनिटे. उधार बंद.' आठवड्यातच उधारी सुरू झाली. मग लाईट जाऊ लागली. लाईट तेव्हा न सांगता जायची. जवळच्या येलदरीच्या धरणावर वीज तयार होते हे आम्ही भूगोलात शिकायचो, तेही कंदिलाच्या उजेडात. चार मिनिटं खेळून लाईट गेलेला पोरगा उरलेल्या सहा मिनिटांसाठी भांडायचा. रोज भांडण. शेवटी काका मला म्हणाले, "तुझं गणित बरं हाय म्हणत्यात. वही घाल नि हिशेब ठिव. तुला रोज पाच मिनटं फुकट." ही माझी पहिली नोकरी. पगार नियमित होता आणि कापाकापी नव्हती.

गावाला वेड लावलं ते मारिओनं. हा शिगेरू मियामोतो यांचा मानसपुत्र. 'डाँकी काँग' या १९८१ च्या खेळात आधी सुतार होता, मग प्लंबर झाला, पण नळ दुरुस्त करताना तो कुणी पाहिलेला नाही. प्लंबर म्हटल्यावर ते ओघानंच आलं. नाव म्हणे अमेरिकेतल्या कंपनीच्या गोदाममालकावरून ठेवलं. हे मालक थकलेलं भाडं मागायला आले होते असंही सांगतात, आणि थकबाकीच्या बाबतीतली कुठलीही कथा मी खरी धरतो. त्याला मिशा का? तर एवढ्याशा ठिपक्यांत तोंड काढता येईना. टोपी का? तर पळताना केस हलवणं जमेना. 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा. सगळा खेळ चाळीस केबीत. आज नोकरीच्या ऑनलाइन अर्जाला जोडायचा फोटोही याहून मोठा चालतो. एवढ्या जागेत बसवायचं म्हणून त्यांनी काय केलं, तर आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच चित्राचं केलं. वर पांढरं, खाली हिरवं. काकांचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट असल्यानं आम्हाला हे गुपित बऱ्याच रंगीत-टीव्हीवाल्यांच्या आधी कळलं होतं. एका पोरानं सरळ विचारलं, "काका, ढग खाली कामून पडलाय?"

मारिओला एका राजकन्येला सोडवायचं असतं. जीव धोक्यात घालून किल्ला जिंकावा, तर आतला सेवक सांगतो की राजकन्या इथं नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. असं सात वेळा. पोरं चिडायची. मला पुढे नोकरीत याचा अर्थ लागला: या काउंटरवर नाही, तीन नंबरला जा, तीनवाले म्हणतात साहेबांची सही आणा, साहेब रजेवर. आठव्या किल्ल्यातली राजकन्या चारठाण्यात कुणी पाहिली नाही. तिथवर पोचायच्या आत लाईट जायची, आणि आमच्या कॅसेटमध्ये प्रगती साठवून ठेवायची सोय नव्हती. लाईट आली की मारिओ पुन्हा पहिल्या दिवशीसारखा उत्साही.

'काँत्रा'मध्ये मात्र आम्ही पुढे गेलो. परभणीला मावशीकडे जाऊन आलेल्या एका पोरानं एक मंत्र आणला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग दोन बटणं. तो म्हटला की तीन जीवांचे तीस व्हायचे. आम्हाला वाटे हा परभणीचा शोध. प्रत्यक्षात तो काझुहिसा हाशिमोतो या कोनामी कंपनीतल्या माणसाचा. १९८६ साली 'ग्रेडियस' हा खेळ तपासताना तो त्याला स्वतःलाच जमेना, म्हणून त्यानं आपल्यापुरती ही चोरवाट केली आणि काढायची राहून गेली. हाशिमोतो २०२० साली वारले. आपल्या हाताखालून राहिलेली चूक परभणीमार्गे चारठाण्याला पोचली होती, हे त्यांना कुणी कळवलं असतं तर बरं झालं असतं.

आता ताई.

माझी ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. चिंचेच्या झाडावरचा नेमका आकडा ती दगडानं पाडायची. गावातली पोरं तिला आपल्याकडून खेळायला घ्यायला धडपडायची, ती फ्रॉकमध्ये होती तोवर. पुढे ते बंद झालं. बसस्टँडवरच्या दुकानात मुलीनं जाऊन बसणं शक्यच नव्हतं. पण दुपारी माझा चहा घेऊन यायचं निमित्त होतं. दुकान रिकामं असायचं, काका आतल्या बाजूला घोरत असायचे. ताई थर्मास ठेवायची, रुपया ठेवायची आणि पिस्तूल उचलायची.

खेळ १९८४ चा, 'डक हंट'. गवतातून बदक उडतं, टीव्हीवर पिस्तूल रोखून टिपायचं. चुकलात तर एक कुत्रा गवतातून वर येऊन तुम्हाला हसतो. त्या कुत्र्यानं गावातल्या भल्याभल्यांचा अपमान केला होता. आमचा समज असा, की पिस्तुलातून काहीतरी निघून टीव्हीला लागतं. खरी गोष्ट उलटी होती. पिस्तुलातून काहीच निघत नाही. ते फक्त बघतं. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो, आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी काळोख नि मग उजेड दिसला तर नेम लागला. म्हणूनच बल्बवर पिस्तूल रोखून फसवायला गेलेल्या पोरांचं काही चाललं नाही. बल्ब मधेच काळा होत नाही.

ताईवर तो कुत्रा फारसा कधी हसला नाही. ती एक डोळा मिटायची नाही, हात लांब करायची नाही. चहा गाळावा तशी सहज उडवायची. आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला गल्लीच्या टोकावरून आईची हाक यायची. दळण, पाणी, पाहुणे, काहीही. ताई पिस्तूल ठेवून उठायची. "बाकीचे माझ्या नावावर लिही," असं म्हणायची. मी लिहायचो. वहीत अजून आहे: 'ताई. जमा १०, वापर ३, शिल्लक ७.' असे पाच रुपये. एकूण जमा ५० मिनिटं, वापर १५, शिल्लक ३५.

ती ३५ मिनिटं मी खेळलो. एका पावसाळी दुपारी, दुकानात कुणी नसताना, एका बैठकीत. नोंद केली नाही. माझ्या आयुष्यातली ही पहिली आणि (ऑडिटवाल्यांनी कृपया लक्ष द्यावं) शेवटची अफरातफर. कुत्रा माझ्यावर पस्तीस मिनिटं हसला.

१९९५ च्या अखेरीस यंत्राचा ॲडॉप्टर जळला, काकांनी ते दुरुस्तीला घेतलं आणि दुकानातल्या इतर वस्तूंसारखं तेही परत गेलं नाही. पुढच्या वर्षी ताईचं लग्न झालं, सेलूला. मी शिकलो, बँकेत लागलो. तिथल्या जुन्या लोकांकडून कळलं की १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला तेव्हा कॉम्प्युटर आपल्या नोकऱ्या खाणार म्हणून सगळे हादरले होते, आणि विंडोज आल्यावर त्यातल्याच काहींनी सॉलिटेअर खेळत माउस धरायला शिकून घेतलं. हा पत्त्यांचा खेळ १९९० साली विंडोजमध्ये घातला तोच म्हणे लोकांना माउसची भीती मोडावी म्हणून. एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त होईपर्यंत ती मोडत होते.

मध्यंतरी वाचलं की अटारीनं १९८३ साली न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोत अलामोगोर्दो इथं कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या होत्या. त्यात 'ई.टी.' नावाचा, पाचेक आठवड्यांत घाईनं केलेला खेळही होता. २०१४ साली लोकांनी तो खड्डा उकरून सुमारे तेराशे बाहेर काढल्या. बुडीत खात्यात टाकलेलं एकतीस वर्षांनी वर येतं, हे वाचून मला झोप आली नाही. उठून माळ्यावरची वही काढली.

गेल्या भाऊबीजेला ताईला सगळं सांगितलं. सोबत हिशेबाचा कागद दिला: मुद्दल ३५ मिनिटं, मुदत ३० वर्षं, दर दहा टक्के, चक्रवाढ, एकूण देणं दहा तास अकरा मिनिटं. हल्ली जुन्या खेळांची यंत्रं पुन्हा मिळतात. पिस्तुलासकट तसंच एक जुनं मागवलेलं ताटात ठेवलं. ताईनं कागद नीट वाचला. "दहा टक्के?" ती म्हणाली. "मला माझ्या ठेवीवर तर एवढे देत नाहीस."

मग पदर खोचून उठली. भाच्यानं यंत्र त्यांच्या भिंतीएवढ्या नव्या टीव्हीला जोडलं. बदक उडालं. ताईनं उडवलं. कुत्रा हसला. पुन्हा उडवलं, पुन्हा कुत्रा. ताई माझ्याकडे बघायला लागली.

दोष तिचा नव्हता. हे पिस्तूल जुन्या, पिक्चर ट्यूबच्या डब्बा टीव्हीसाठी केलेलं. काळोख नि उजेड यांची जी वेळ ते धरून बसलेलं असतं, ती नव्या सपाट टीव्हीला पाळताच येत नाही. चित्र उमटायला निमिषभर उशीर होतो, आणि पिस्तुलाला तेवढ्यानं काहीच दिसत नाही. भाच्यानं हे मोबाइलवर वाचून दाखवलं. ताईनं पिस्तूल खोक्यात ठेवलं आणि म्हणाली, "मग बाकीचे माझ्या नावावर लिही."

तेव्हापासून डब्बा टीव्ही शोधतोय. जिंतूरच्या एका भंगारवाल्याकडे दोन होते, एकाची ट्यूब गेलेली, दुसऱ्यात कबुतरानं घर केलेलं. चारठाण्याला काकांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, दुकानातला तो जुना टीव्ही माळवदावर आहे, चालतो का बघावं लागेल, "पण तुमी सोमवारी येऊ नका, सोमवारी लाईट नसती." मंगळवारची रजा टाकली आहे.